‘धरून न्या, एकदा सुई टोचली की भीती पळते’: त्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला, शेवटी आमच्या घरच्या ग्रुपवर पण आला आणि खाली धडाधड अंगठे पडले. त्यात साधारण असं लिहिलंय: डॉक्टरची भीती म्हणजे मनाचा कमकुवतपणा. आपले आजोबा-पणजोबा कधी दवाखान्याची पायरी चढले नाहीत तरी ठणठणीत जगले. घरी बीपी नॉर्मल आणि डॉक्टरकडे गेलं की वाढलेलं, यातच काय ते समजा. तपासलं की काहीतरी निघतंच. आणि तरीही घरात कुणी फारच घाबरत असेल तर सरळ धरून न्या, एकदा सुई टोचली की भीती कायमची पळते.

मी गप्प बसणार होते पण बसवेना. मी मिरजेची, म्हणजे जिथे कर्नाटकातनं सुद्धा लोक औषधपाण्याला येतात, गल्लोगल्ली दवाखाने, आणि अशा गावात राहून मी अकरा वर्षं एकाही डॉक्टरसमोर बसले नव्हते. आणि आमचे आप्पा, माझे थोरले चुलते, त्यांनी पायाला चप्पल लागून झालेली जखम दीड महिना धोतराखाली लपवली, शुगर आहे हे माहीत असून, का तर डॉक्टरकडे जायचं नव्हतं. दोन बोटं काढावी लागली. त्यानंतर पंधरा दिवसांत हा मेसेज आला आणि आप्पांनीही तो वाचला. म्हणून लिहितेय.

पहिलं, ते कमकुवतपणाचं. आप्पा तरुणपणी दोर धरून चाळीस फूट विहिरीत उतरून गाळ काढायचे. त्यांना कमकुवत मनाचं म्हणणाऱ्याने आधी त्या विहिरीत डोकावून यावं. पण रक्ताची नळी दिसली की हाच माणूस पांढराफटक पडतो, माझे वडील पण तसेच होते आणि मी पण तशीच. हे घराण्यात चालतं, आणि यात मनाइतकाच शरीराचा भाग आहे तो नीट समजून घ्या. कुत्र्याची, उंचीची, अंधाराची भीती वाटली की छातीचे ठोके वाढतात, बीपी वर जातं आणि वरच राहतं, त्यामुळे माणूस घाबरतो, पळतो, पण सहसा बेशुद्ध पडत नाही. रक्त आणि सुईच्या भीतीत मात्र अनेकांचं आधी बीपी वर जातं आणि मग एकदम खाली कोसळतं, ठोके मंदावतात, डोक्याला रक्त कमी पडतं, कान बंद झाल्यासारखे होतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस आडवा. मी एकोणीस वर्षांची असताना कॉलेजात रक्तगट तपासायला आले होते तिथे अशीच पडले, शंभर पोरांसमोर, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मला सुईपेक्षा पुन्हा पडण्याचीच जास्त भीती बसली.

आता यातली एक गोष्ट फार कमी लोकांना माहितीये. अशा माणसाला सगळे प्रेमानं सांगतात, अंग सैल सोड, शांत हो, लांब श्वास घे. ज्यांना नुसती धडधड होते त्यांना हे बरोबर आहे, पण ज्यांना चक्कर येते त्यांचं बीपी आधीच पडत असतं, त्यात अंग सैल सोडणं उलटं पडू शकतं. स्वीडनमधले मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी १९८० च्या दशकात यावर एक साधा उपाय बसवून दिला: दंड, पोट, मांड्या, पायाचे स्नायू घट्ट आवळायचे, चेहरा गरम झाल्यासारखा वाटेपर्यंत म्हणजे दहा-पंधरा सेकंद, मग सोडायचे पण पूर्ण ढिले नाही, नेहमीसारखे, वीस-तीस सेकंद थांबायचं आणि परत, असं पाच वेळा. घरी रोज सराव करायचा म्हणजे वेळेला आठवतं. ज्या हातात सुई जाणार तो हात तेवढा सैल ठेवायचा, बाकीचं अंग आवळायचं. बीपीचा किंवा हृदयाचा त्रास असेल, पोटात बाळ असेल तर आधी डॉक्टरला विचारून करा. आणि रक्त घेणाऱ्याला आधीच सांगा की मला चक्कर येते, मला झोपवून घ्या. एवढं एक वाक्य बोलायला मला अकरा वर्षं लागली, समोरची मुलगी ‘बरं झालं सांगितलं’ म्हणाली आणि टेबलाकडे बोट दाखवलं, बस्स.

(आणि हो, सुई नाही, रक्त नाही, काहीच कारण नाही आणि तरी कुणी भोवळ येऊन पडत असेल तर ते भीतीच्या खात्यात टाकू नका, ते तपासूनच घ्या.)

आता ते ‘धरून न्या’. यावर मी जास्त बोलणार आहे कारण मला धरून नेलेलं आहे. सात वर्षांची होते, हनुवटी फुटली होती, तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात मामाने पाय धरले, कंपाउंडरने डोकं दाबलं आणि भूल नीट चढायच्या आत टाके घातले, मी ओरडले म्हणून वरून एक चापट. टाके छान बसले, व्रण आता शोधावा लागतो. पण स्पिरिटचा वास आला की आजही माझी मान आपोआप मागे जाते. एकदा टोचलं होतं की मला, मग पळाली का भीती?

१९२४ साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन बाईंनी लहान मुलांच्या भीतीवर काम केलं, त्यातला पीटर नावाचा तिनेक वर्षांचा मुलगा सशाला भयंकर घाबरायचा. त्यांनी तो ससा त्याच्या अंगावर सोडला नाही. पोरगं आवडीचं खात असताना पिंजरा खोलीत लांब ठेवला, मग थोडा जवळ, मग आणखी जवळ, पोराला सोसेल तेवढाच, शेवटी तो सशाला हात लावायला लागला. आणि त्यांनी बाकीचे उपायही करून बघितले होते बरं का, नुसतं समजावून सांगणं, नुसतं विसरायची वाट बघणं, इतर मुलांनी चिडवणं. यातल्या कशाने भीती खात्रीने गेली नाही. जे चाललं ते दोनच, आवडत्या गोष्टीबरोबर हळूहळू जवळ नेणं आणि न घाबरणाऱ्या मुलांच्या सोबत ठेवणं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच हे बघून झालंय आणि आपण अजून भरल्या घरात आप्पांना चिडवतोय.

धरून नेण्याचा प्रकार आपल्याकडे तर आख्ख्या शहरावर झालाय. १८९७, पुण्यातला प्लेग. प्लेगचा इंग्रज अधिकारी रँड, त्याच्या हाताखालचे सोल्जर घरात घुसायचे, माजघरापर्यंत जायचे, माणसं उचलून न्यायचे. परिणाम काय झाला? लोक आजारी माणसं लपवायला लागले. आणि त्याच साली, त्याच पुण्यात, सावित्रीबाई फुले रोग्यांना स्वतः उचलून मुलाच्या, डॉक्टर यशवंतरावांच्या दवाखान्यात नेत होत्या, त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. एकीकडे बंदुकीच्या संगिनी आणि एकीकडे पाठीवर घेऊन जाणारी बाई, रोगी दोन्हीकडे दवाखान्यातच जात होता, पण त्याला ते सारखं वाटलं असेल का?

मग करायचं काय, तर पायऱ्या पाडायच्या. माझ्या मैत्रिणीने माझ्यासोबत पाडल्या. पहिला आठवडा नुसतं दवाखान्यासमोरच्या टपरीवर चहा. मग आत बाकावर दहा मिनिटं, नंबर न लावता. पहिल्या दिवशी मी चार मिनिटांत उठले, दुसऱ्या दिवशी परत गेले. यातली मेख अशी की भीती शिगेला असताना पळालं की हायसं वाटतं आणि तेच डोक्यात पक्कं बसतं की पळालो म्हणून वाचलो, पुढच्या वेळी भीती आणखी मोठी. भीती थोडी उतरेपर्यंत तिथेच बसलं की डोकं हळूहळू दुसरं काहीतरी शिकतं. मग डॉक्टरांशी फक्त बोलणं, तपासणी नाही, हे आधी फोन करून ठरवलं होतं. मग बीपी. मग रक्त, त्याच्या तासभर आधी हाताला सुन्न करणारं मलम लावून, ते मेडिकलमध्ये मिळतं, डॉक्टरला विचारून घ्या. दोन महिने लागले सगळ्याला. कुणाला जास्त लागतील. एकट्याने झेपत नसेल तर मानसोपचारवाले नेमकं हेच करून घेतात, आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं.

बीपीचा मुद्दा. घरी कमी आणि डॉक्टरसमोर जास्त, हे अगदी खरं आहे, पण मेसेजवाल्याने अर्थ उलटा काढला. १९८३ मध्ये इटलीत माणसांच्या धमनीतच मोजणी लावून बघितलं होतं, डॉक्टर पलंगापाशी आल्यावर पहिल्या चार मिनिटांत वरचं बीपी सरासरी २७ ने चढलं. नंतर नर्सने मोजलं तेव्हा वाढ जवळजवळ निम्मी. म्हणजे आकडा भीतीने चढतो हे डॉक्टरांना चांगलं माहितीये, म्हणूनच ते घरी मोजून आणा म्हणतात. पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, हात छातीच्या उंचीवर, सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा, आठवडाभर, सगळं वहीत. घरचं सरासरी १३५/८५ च्या खाली असेल तर ती वही दाखवा, उगाच गोळी चालू व्हायची नाही. दवाखाना टाळून हे कळणार नाही, वही दाखवायला तरी जावंच लागेल. आणि असा फरक असणाऱ्यांनी अधूनमधून मोजत राहावं, कारण पुढे काहींचं बीपी खरंच वाढतं.

‘तपासलं की निघतंच’ यावर आप्पांचंच सांगते. त्यांची ती तीन महिन्यांची शुगर केली. ती तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. सुई आज टोचली पण आकडा दिवाळीच्या आधीपासूनचा होता, जखम झाली त्या दिवशीही तो रक्तात होताच. सुईने तो आणला नाही. उगाच ढीगभर तपासण्या लिहून देणारे असतात, मान्य, पण मग ‘ही कशासाठी, हिने माझ्या उपचारात काय बदलणार’ असं विचारा, तो तुमचा हक्क आहे.

आजोबांचं थोडक्यात. स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्याकडे सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षं होतं. भिंतीवर फोटो जगलेल्या आजोबांचा असतो. त्यांची पाळण्यात गेलेली तीन भावंडं कुठल्या फोटोत नाहीत, आमच्या आजीला त्यांची नावं पाठ होती.

एक गोष्ट त्या मेसेजमध्ये नाहीच. बऱ्याच जणांना भीती सुईची नसते, ओरडण्याची असते. ‘इतके दिवस काय झोपला होता का’ असं सगळ्यांसमोर ऐकायची. वजनावरून बोलणी खायची. बायकांना तर परपुरुषासमोर कपडे बाजूला करायची. याला भित्रेपणा म्हणू नका. पुरुष डॉक्टर तपासत असेल तर सोबत बाई असावी हा पेशंटचा हक्क आहे, कागदपत्रं मिळणं, दुसरं मत घेणं हा पण हक्क आहे. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांप्रमाणे खासगी नर्सिंग होममध्ये हक्कांची सनद आणि दरपत्रक दिसेल असं लावायला पाहिजे. आणि एका कामाची संमती म्हणजे दुसऱ्या कामाची संमती नाही, हे सुप्रीम कोर्टानेच २००८ मध्ये सांगितलंय, फक्त जीव वाचवायची घाई असेल तर वेगळं. डॉक्टर आवडला नाही तर बदला. डॉक्टर बदलणं आणि डॉक्टरच टाळणं यात फार फरक आहे.

आणि पोरांना ‘रडलास तर डॉक्टरकाका सुई देतील’ म्हणणं कृपा करून आजपासून बंद करा, मी हात जोडते.

आप्पांचं पुढचं ड्रेसिंग गुरुवारी आहे. मागच्या वेळी ते स्वतः म्हणाले, आज पट्टी सोडताना मी बघतो, आणि बघितलं, पाय आवळून धरून, पाच वेळा मोजत. गुरुवारी कुणी त्यांना धरून न्यायला येऊ नका, दहा वाजता रिक्षा सांगितलीय, ते आणि मी जाऊन येतो.