एका रेजेक्समध्ये सगळ्या बँका मावत नाहीत

फोंड्यापासून म्हापशापर्यंत हिशेब लिहिणाऱ्यांच्या फोनवर सध्या एक सल्ला फिरतोय: "हा एक रेजेक्स घ्या, कुठल्याही बँकेचं पीडीएफ स्टेटमेंट एक्सेलमध्ये येईल. तपासायची गरज नाही." रेजेक्स म्हणजे मजकुरातून ठरावीक आकाराचा भाग शोधून काढणारा नमुना. रिटर्न भरायच्या धांदलीत कुणालाही मोह पडेल, म्हणूनच यातला एकेक दावा पाहायला हवा.

आधी रक्कम. दिलेला नमुना असा: एक ते तीन अंक, मग स्वल्पविराम आणि तीन-तीन अंकांचे गट, शेवटी दशांशाचे दोन अंक. आपल्याकडे छापलेलं असतं १,२३,४५६.७८. नमुना पहिल्या १ वर अडतो, पुढे सरकतो आणि २३,४५६.७८ उचलतो. कुठलीही सूचना न येता लाख रुपये गायब! ९९,९९९.९९ पर्यंत सगळं बरोबर येतं, त्यामुळे छोट्या दुकानाच्या खात्यावर करून पाहिलं की विश्वास बसतो आणि घात होतो तो काजूच्या व्यापाऱ्याच्या खात्यात. स्वल्पविरामानंतर दोन किंवा तीन अंक चालू द्या, आणि रकमेच्या लगेच आधी अंक किंवा स्वल्पविराम नसावा अशी अट घाला.

चेक नंबरसाठी हा रेजेक्स "कुठलेही सहा अंक" शोधतो. पिनकोडही सहा अंकीच. तपशिलात म्हापशाचा पत्ता आला, की ४०३५०७ चेक म्हणून नोंदला जाणार. तारखेच्या नमुन्यात तर ४५/१९, म्हणजे एकोणिसाव्या महिन्याची ४५ तारीखसुद्धा खपते.

"कुठल्याही बँकेचं" हा दावा सगळ्यांत घातक. पीडीएफमध्ये बहुधा रकाने नसतातच. कुठलं अक्षर पानावर कुठे, एवढीच नोंद असते. मजकूर बाहेर काढला की रिकामा रकाना नाहीसा होतो, आणि उरलेली रक्कम जमा की नावे हे ओळीवरून कळत नाही. यूपीआयचा तपशील दोन-तीन ओळींत मोडतो ते वेगळंच. रेजेक्स उपयोगाचा आहेच, पण बँकेगणिक वेगळा लिहावा लागतो.

आणि तपासणी टाळायची कशाला? मागची शिल्लक अधिक जमा, वजा नावे, म्हणजे पुढची शिल्लक. हे प्रत्येक ओळीला लावा. शिल्लक वाढली तर जमा, घटली तर नावे. काही बँका ताजा व्यवहार वर छापतात, तिथे क्रम आधी उलटा करा. पहिली आणि शेवटची शिल्लक मात्र मूळ पानावरून हाताने टाका, कारण सगळ्या शिलकांतला लाख सारखाच कापला गेला, तर ओळीओळीचा मेळ बसतो आणि तरीही हिशेब चुकलेलाच असतो.