एकतीस नंतर एक

परवा एक तारखेला सकाळी माझी स्कूटर माझ्याच घराखालून टोइंगवाल्यांनी उचलून नेली. त्याचं एवढं काही नाही, पुण्यात गाडी चालवायची म्हणजे हे कधीतरी व्हायचंच. पण ती उचलत असताना एक मुलगा समोरच्या कट्ट्यावर बसून चहा पीत सगळं बघत होता आणि नंतर त्याने मला त्यातलं गणित समजावून सांगितलं, ते काही अजून डोक्यातून जात नाहीये.

आमची गल्ली सदाशिव पेठेतली, पी-१ पी-२ वाली. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, विषम तारखेला गाड्या रस्त्याच्या एका बाजूला लावायच्या, सम तारखेला दुसऱ्या. त्यामुळे रोज रात्री जेवणं झाली की अख्खी गल्ली पायजम्यावर खाली उतरते आणि आपापली गाडी समोर नेऊन लावते, शतपावली पण होते आणि कोणाच्या घरी काय चाललंय तेही कळतं. तर ३१ तारखेला रात्री आम्ही सगळ्यांनी इमानदारीत गाड्या पलीकडे नेल्या. सकाळी उजाडली एक तारीख. ३१ विषम आणि १ पण विषम. पलीकडची अख्खी रांग साफ.

यात आमचं काय चुकलं हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही. माणूस रोज बाजू बदलतो तर आजही बदलणार ना. कॅलेंडर छापणाऱ्याने घोळ घालायचा आणि दंड आम्ही भरायचा.

मी गेटपाशी येऊन रिकाम्या रस्त्याकडे बघत उभा होतो तेव्हा कट्ट्यावरून आवाज आला, एकदम हळू, जवळजवळ कुजबुजल्यासारखा.

"काका, पांढरी ॲक्टिव्हा तुमचीच ना?"

"हो. कुठाय?"

"नेली की ओ. आत्ताच, दहा मिनिटं झाली."

"तू इथेच होतास?"

"इथंच की. आधी त्या बुलेटला हात घातला त्यांनी, पण ती जड होती, म्हणून तुमची घेतली. बुलेट नंतर चौघांनी मिळून नेली."

"अरे मग हाक मारायची नाही का? मी पहिल्या मजल्यावर राहतो हे माहितीये ना तुला?"

त्यावर तो काही बोलला नाही, नुसतं गेटवरच्या बोर्डाकडे बोट केलं. 'शांतता राखा. गेटजवळ मोठ्याने बोलल्यास सीट रद्द करण्यात येईल.' खाली सही, अभ्यासिका व्यवस्थापन.

"पहिल्यांदा वॉर्निंग देतात काका, दुसऱ्यांदा डायरेक्ट सीट जाते. माझी एक वॉर्निंग झालीये."

"कशाबद्दल?"

"शिंकलो होतो."

इथे जरा थांबून अभ्यासिकेबद्दल सांगायला पाहिजे. आमचा वाडा पाडून इमारत झाली तेव्हा खाली पार्किंग होतं. खरंखुरं, गाड्या लावायचं. मग एक दिवस त्याच्या अर्ध्या भागाला भिंती आल्या, एसी आले, प्लायवूडचे खुराडेवजा कप्पे आले आणि त्यात महाराष्ट्रातल्या निम्म्या जिल्ह्यांतली मुलं येऊन बसली, पहाटेपासून रात्रीपर्यंत, एमपीएससी, यूपीएससी, कंबाइन, सरळसेवा, काय काय. आणि आमच्या गाड्या गेल्या रस्त्यावर. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी विरोध केला होता. मीटिंगला मी, सेक्रेटरी आणि सेक्रेटरींचा मेहुणा एवढेच हजर होतो, ठराव बहुमताने मंजूर झाला.

हा मुलगा बार्शीकडचा. राज्यसेवेची तयारी करतोय. कितवा अटेम्प्ट हे मी विचारलं नाही, ते विचारायचं नसतं एवढं या पेठेत राहून कळतं. तर त्याने चहाचा कप खाली ठेवला, हात चोळले आणि म्हणाला, "काका, पण हे सीसॅटचं, म्हणजे आमच्या गणित-बुद्धिमत्तेच्या पेपरचं, एकदम बेसिक आहे. ३१ चे महिने किती?"

मी सकाळी सकाळी, बिनअंघोळीचा, गाडी गेलेला माणूस. पण आवाजात अशी काही मास्तरकी होती की मी मुठीवरची हाडं मोजायला लागलो.

"सात."

"बरोबर. जानेवारी, मार्च, मे, जुलै, ऑगस्ट, ऑक्टोबर, डिसेंबर. म्हणजे वर्षातून सात वेळा विषमनंतर विषमच येणार. त्या सात रात्री गाडी हलवायची नाही. आता सांगा, लीप वर्ष असेल तर?"

"तर काय?"

"तर आठ. २९ फेब्रुवारी विषम, १ मार्च विषम." मग मनाशी हिशोब करून म्हणाला, "पुढचं २०२८. लिहून ठेवा."

मला राग आला. आधी टोइंगवाल्यांचा आला होता, तो आता इकडे वळला. मी म्हटलं, हा नियमच मूर्खपणाचा आहे, तारखेवर कशाला ठेवलाय, वारावर ठेवा ना, सोमवारी इकडे, मंगळवारी तिकडे, म्हाताऱ्या माणसांना वार तरी लक्षात राहतो. मला वाटलं होतं आता हा गप्प बसेल. तो हसला. तसं कुत्सित नाही, उलट माझ्याबद्दल वाईट वाटल्यासारखं.

"वार किती आहेत काका?"

"सात."

"सात सम का विषम?"

मी उत्तर दिलं नाही.

"सोमवारी इकडे, तर रविवारी पण इकडेच येणार. म्हणजे दर रविवारी रात्री तुम्ही फसणार. वर्षाला बावन्न वेळा. आत्ता सातच आहे, ते बरंय की."

एवढ्यात समोरचे बुलेटवाले गृहस्थ खाली आले आणि "माझी गाडी कुठाय?" म्हणून जोरात ओरडले, आणि आम्ही दोघंही एकदम "शू" म्हणालो. मीसुद्धा. माझ्याच घराच्या दारात. हे लिहितानाही मला लाज वाटतेय.

नंतर तो माझ्याबरोबर चौकीपर्यंत चालत आला, "मला पण ब्रेकच आहे" म्हणाला. हातात नोट्स होत्याच. वाटेत मी आपला नेहमीप्रमाणे बडबडत होतो, की रस्त्यात हा खड्डा, ही तुंबलेली चेंबरं, हे फुटपाथवरचे पुस्तकांचे स्टॉल, हे मेसचे बोर्ड, चालायला जागा नाही, आणि तो प्रत्येक गोष्टीला राज्यघटनेतल्या महापालिकेच्या कामांच्या यादीतला नंबर देत होता. "रस्ते आणि पूल, बाराव्या अनुसूचीत चार नंबर. पाणीपुरवठा पाच. घनकचरा सहा. चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती, १९९२. एकूण विषय अठरा." पार्किंग कितवा विचारलं तर सतरा, पथदिवे आणि बसस्टॉपबरोबर. "आणि पंधरावा काय आहे माहितीये का काका? कोंडवाडे." हे ऐकून मी हसलो, कारण आम्ही तिकडेच तर चाललो होतो.

त्याला अठरा विषय पाठ आहेत, आणि मला त्यातल्या प्रत्येकाचा त्रास पाठ आहे, पण दोघांनाही हे माहीत नव्हतं की सांगायचं कोणाला. मार्च २०२२ मध्ये काय झालं बघा. सहा तारखेला वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाली, पंतप्रधान स्वतः येऊन बसून गेले, आणि चौदा तारखेला महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत संपली. आठ दिवसांत मेट्रो आली आणि नगरसेवक गेले. त्यानंतर जवळजवळ चार वर्षं प्रशासक. नगरसेवक होते तेव्हा ते काही करायचे असं नाही, पण शिव्या द्यायला पत्ता होता. लग्नात दिसायचे, त्यांना कोपऱ्यात घेऊन चेंबरबद्दल बोलता यायचं. आता जानेवारी २०२६ मध्ये एकदाची निवडणूक झाली आणि एका प्रभागात एकदम चार चार निवडून आले. आधी एक नव्हता, आता चौघांपैकी नेमकं कोणाला धरायचं हा नवीन प्रश्न. मुलाला विचारलं तर म्हणाला, "बहुसदस्यीय प्रभाग पद्धत, फायदे-तोटे, यावर प्रश्न येऊ शकतो."

मेट्रोला मी नावं ठेवत नाही हां. सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट भुयारी सुरू झाली, मंडईखालून जाते, आमची ही आता भाजीला सुद्धा जिन्याने न जाता सरकत्या जिन्याने जाऊन येते असं मैत्रिणींना सांगते. पण मेट्रोने जायचं म्हटलं तरी स्टेशनपर्यंत स्कूटर लागतेच, आणि स्टेशनला पार्किंग कुठंय? आणि विद्यापीठ चौकाबद्दल तर बोलायलाच नको. तिथला पूल २०२० मध्ये पाडला, कारण मेट्रो आणि दुमजली पूल करायचा होता. तो जुना पूल बांधताना झालेला त्रास आम्ही भोगला, पाडताना झालेला भोगला, आणि नवीन होताना पुन्हा भोगला. माझी मेव्हणी औंधला राहते. मधली बरीच वर्षं आम्ही तिला फक्त व्हिडिओ कॉलवर भेटलो, आणि खरं सांगायचं तर त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

मुद्दा काय, की हे गाव आधीपासून शिकायला येणाऱ्यांचंच आहे. १८८५ ला फर्ग्युसन, १९१६ ला स. प., १९४९ ला विद्यापीठ. माझ्या आजीच्या वेळी याच वाड्यात मुलं वार लावून जेवायची, दर मंगळवारी आमच्याकडे एक कोकणातला मुलगा असायचा, तो पुढे मोठा इंजिनिअर झाला असं आजी मरेपर्यंत सांगायची. तो यायचा, जेवायचा, आजीच्या पाया पडायचा. पण त्याने आजीला शू म्हटलं नव्हतं हो.

आणि हेवाही वाटतो, खोटं कशाला बोलू. २०२३ च्या सुरुवातीला ही मुलं अलका चौकात बसली, मुख्य परीक्षेचा नवा लेखी पॅटर्न लगेच नको, २०२५ पासून करा म्हणून, आणि करून घेतलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये एमपीएससी आणि बँकेची परीक्षा एकाच दिवशी आली तेव्हा नवी पेठेत रस्त्यावर बसली, पुढे ढकलून घेतली. त्या रात्री मला घरी यायला केवढा वळसा पडला, मी भयंकर चिडलो होतो, पण मागणी बरोबरच होती. माणूस एका वेळी दोन ठिकाणी पेपर कसा देणार. आम्ही मूळचे पेठकर, आम्हाला मात्र सगळ्यांनी मिळून एक कचऱ्याचा डबा चार फूट हलवून घेता आलेला नाही. आणि आमची स्वतःची मुलं बाणेरला, नाहीतर त्याहून लांब. त्यांना म्हटलं तर म्हणतात, बाबा, तिकडे यायचं तर गाडी कुठे लावायची?

चौकीत दंड भरला. गाडीचा आरसा वाकला होता, तो मुलाने दाबून सरळ केला. परत येताना मागे बसला आणि सिग्नलला कानाशी येऊन म्हणाला, "काका, एक सांगू का. ॲडमिशन घ्या."

"कसली?"

"अभ्यासिकेत. महिन्याची फी, त्यात एसी सीट, वायफाय, गार पाणी. आणि मेंबरची टू-व्हीलर आत लावता येते. राहिलेल्या अर्ध्या पार्किंगमध्ये."

माझ्याच इमारतीच्या, माझ्याच पार्किंगमध्ये, मी पैसे भरून. मी त्याला गाडीवरून उतरवणार होतो. पण घरी येऊन हिला सांगितलं तर ही म्हणाली, घ्या की, दुपारभर बसाल पण तिथे, मला जरा टीव्ही बघता येईल.

फॉर्म आणलाय. वयाचा रकाना आहे, तो भरला. 'कोणत्या परीक्षेची तयारी' हा सोडलाय. खाली बारीक अक्षरात लिहिलंय, भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही, शिंक, खोकला व मोबाईल बाहेर.