खालच्या काकांनी पाणी चाखलं

रविवारी पहाटे साडेपाचला बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे काका, लुंगी खोचलेली, हातात वाटी. वाटीत पाणी. अर्धवट झोपेत मी तीर्थ समजून हात पुढे केला.

"तुमच्याकडचंच आहे," काका म्हणाले. "आमच्या देवघरावर ठिबकतंय. बाथरूमचं म्हणावं तर वास नाही. वरच्या टाकीचं म्हणावं तर खारट आहे."

"तुम्ही चाखलंत?"

"त्याशिवाय कळणार कसं? आधी मी चाखलं, मग हिला दिलं. ही म्हणाली, मीठ किंचित जास्त झालंय."

काकूंची जीभ बरोबर होती. पाणी माझ्या समुद्री माशांच्या टाकीतलं होतं. लिटरला ३५ ग्रॅम, समुद्राइतकंच. ठाण्याच्या खाडीपासून दहा मिनिटांवर राहून मी मीठ परदेशी बादलीतून विकत घेतो, हे मला घरातही वरचेवर ऐकवलं जातं. त्यातलं ८७५ ग्रॅम त्या रात्री जमिनीवर होतं.

झालं ते एवढंच. रात्री लाइट गेले. माशांच्या टाकीखाली संप असतो, म्हणजे दुसरी छोटी टाकी. त्यातून पाणी वर चढवणारा पंप थांबला आणि त्याच नळीतून टाकी उलटी संपमध्ये रिकामी होऊ लागली. नळीचं तोंड पाण्याखाली चार इंच. तीन फूट बाय दीड फुटाच्या टाकीत चार इंच म्हणजे ४० लिटर, आणि संपमध्ये जागा १५ लिटरची. हे टाळायला नळीला पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली एक भोक असतं. पातळी तिथवर उतरली की भोकातून हवा शिरते आणि उलटी धार तुटते. भोक मी पाडलं होतं. ते साफ कोणी करायचं, हे ठरलं नव्हतं. शेवाळाने ते केव्हाच बुजलं होतं. दुकानदाराने गळ्यात मारलेला नॉन-रिटर्न वॉल्व्हही होता, पाणी उलटं येऊ न देणारा. त्यात एक गोगलगाय दार उघडं ठेवून बसली होती.

एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर. लाइट आले आणि ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, पडला, म्हणून मी हे लिहितोय. आता बोर्ड भिंतीवर आहे आणि वायरी प्लगच्या खाली झोळासारख्या लोंबतात, म्हणजे थेंब प्लगपर्यंत न जाता झोळातून खाली पडतो. भोक दर रविवारी टूथपिकने साफ करतो, मग मुद्दाम पंप बंद करून पाणी कुठे थांबतं ते बघत बसतो.

काका मात्र टाकीसमोर उभे राहिले. क्लाउनफिशकडे बघत विचारलं, "हे खातात का?"

"नाही."

"मग?"

या "मग"ला माझ्याकडे तीन वर्षं उत्तर नाही. त्यामुळे चिडून मी नको ते बोललो. म्हटलं, काका, हे मासे यातच खातात आणि यातच बाकीचंही उरकतात.

काकांनी हातातल्या वाटीकडे पाहिलं. काही न बोलता गेले.

काल बिल आलं. पूर्ण हॉलचं रंगकाम ९,५०० रुपये. देवघर शुद्धीकरण, दक्षिणेसह, ५०१. लाइट गेले होते ते सोसायटीने मीटररूममध्ये काढलेल्या कामामुळे. बोर्डावर नोटीस नव्हती आणि काका कमिटीत आहेत. त्याचं बिल कोणाला द्यायचं, ते कोणी सांगत नाही. ५०१ मी देईन, देवांबद्दल माझी तक्रार नाही. पण पूर्ण हॉल? डाग तळहाताएवढा आहे. मी स्टुलावर चढून मोजलाय.