स्मार्ट मीटर ‘पळतं’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

बडोद्यात दांडिया बाजार, मांजलपूर, कारेलीबाग, सगळीकडच्या मराठी ग्रुपांवर तोच मेसेज पुन्हा फिरतोय: स्मार्ट मीटर (रीडिंग आपोआप वीज कंपनीला पाठवणारं नवं मीटर) जोरात पळतं, घरातलं सगळं बंद असलं तरी त्यावरचा लाल दिवा चालूच असतो, कंपनी बसल्या जागी रीडिंग वाढवते, आणि पर्यावरण हे नुसतं वसुलीचं निमित्त आहे.

मीटर पळण्याबद्दल आधी. २०२४ च्या मे महिन्यात बडोद्यात लोक रस्त्यावर आले, कारण या प्रीपेड मीटरांत आधी पैसे भरून केलेला रिचार्ज खरोखरच भराभर संपत होता. पण दोन महिन्यांनी बिल भरायची सवय असलेल्यांना रोज पैसे वळते होताना दिसू लागले, जुनी बाकीही त्यातूनच थोडी थोडी कापली जात होती आणि वर मे महिन्यातला एसी. हे आधी घरोघरी समजावून सांगायला हवं होतं, सांगितलं नाही, म्हणून लोकांचा राग रास्तच होता. तरी त्यावरून मीटर खोटं ठरत नाही. जुन्या चकतीच्या मीटरचं म्हणाल तर ते झिजलं की हळू फिरतं, बारीकसारीक वापर त्यात धरलाच जात नाही. तिथे नव्या मीटरवर आकडा थोडा वाढेल.

लाल दिव्याची शंका घरीच फिटते. एका युनिटला किती पल्स हे मीटरवरच छापलेलं असतं, बऱ्याच मीटरांवर ३२००. दिवा तितक्यांदा लुकलुकला की एक युनिट. नुसता पेटून राहिला तर मोजणी होत नाही. मेन स्विच पाडूनही लुकलुकत राहिला, तर वायरमनला बोलवा. मग बाकी सगळं बंद ठेवून बादलीत १५०० वॅटचा रॉड ४० मिनिटं लावा: जवळपास एक युनिट पडायला हवं.

तरी पटत नसेल, तर केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांतली फेब्रुवारी २०२४ ची दुरुस्ती वापरा. रीडिंग वापराशी जुळत नाही अशी तक्रार केली, की पाच दिवसांत शेजारी दुसरं मीटर बसवून किमान तीन महिने वापर ताडून बघणं कंपनीला बंधनकारक आहे. मेसेज फॉरवर्ड करणाऱ्यांनी हे एक वाक्य त्यात घातलं असतं तर किती घरांचं भलं झालं असतं!

बसल्या जागी रीडिंग वाढवण्याचं म्हणाल, तर ॲपमधला आणि मीटरच्या स्क्रीनवरचा आकडा रोज जुळवून बघता येतो. लांबून कनेक्शन तोडता येतं, हे मात्र खरं आहे, म्हणूनच प्रीपेडची सक्ती मला मान्य नाही.

आता पर्यावरण. आपल्या नर्मदा कालव्यावर १० मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१५ पासून उभा आहे, बडोद्यात गच्चीगच्चीवर पॅनल आहेत. जून २०२५ पर्यंत देशाची निम्मी वीजक्षमता कोळसा-गॅसच्या बाहेरची झाली. पण सूर्य मावळला की आपण सगळे एकदम एसी लावतो आणि तो भार वणाकबोरीसारखी कोळशाची केंद्रं उचलतात. धुणं, पंप, गाडीचं चार्जिंग दुपारी सरकलं तर हा भार हलका होतो. पण कुणी कधी वीज वापरली हे जुन्या मीटरला कळतच नाही, मग दुपारी वापरणाऱ्याला सवलत द्यायची कशी? २०२३ च्या केंद्रीय नियमांत उन्हाच्या तासांत दर किमान २० टक्के कमी आणि गर्दीच्या तासांत घरगुती ग्राहकांना किमान १० टक्के जास्त, अशी सोय आहे. स्मार्ट मीटर लागलं की ती लागू करायची, असंही त्या नियमांत आहे.

मोर्चा न्यायचा असेल तर तीन मागण्यांसाठी न्या: दुपारची सवलत बिलावर वेगळ्या ओळीत दाखवा, पडताळणीचं मीटर मागितल्याबरोबर द्या आणि प्रीपेड ऐच्छिक ठेवा.