टेबलावरचा लेथ आणि वाकणारे लोखंड

लेथ, म्हणजे धातू फिरवत ठेवून कातणारे यंत्र, हे सर्व यंत्रांचे मातृयंत्र आहे, असे यंत्रशाळेत उमेदवारी करणाऱ्या प्रत्येकाला सुरुवातीलाच ऐकवले जाते, आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. हेन्री मॉडस्ले या इंग्रज कारागिराने १८०० च्या सुमारास आटे पाडणारा काटेकोर लेथ उभा केला, आणि एकसारख्या आट्यांचे स्क्रू व नट आणि त्यांच्या जोरावर बनलेली पुढची यंत्रे यांची वाट मोकळी झाली. लेथवर दुसरा लेथ बनवता येतो, असेही जाणकार म्हणतात. टेबलावर मावणारा छोटा लेथ घरात आणावा, या ठरावाच्या बाजूने मी कुटुंबासमोर हेच मुद्दे मांडले होते. दुसरा लेथही घरात येणार, एवढाच अर्थ त्यातून पत्नीने काढल्यावर मला घाईघाईने भाषण आवरते घ्यावे लागले आणि ‘घरातल्या किरकोळ वस्तू घरच्या घरी होतील’ असे एक आश्वासन द्यावे लागले. तेव्हापासून घरात पाऊल टाकणारा प्रत्येक जण त्या यंत्राकडे बोट दाखवून विचारतो, “मग, काय काय बनवलंत?” प्रश्न सरळ आहे. उत्तराला मात्र थोडी प्रस्तावना लागते.

या वर्गातल्या नेहमीच्या लेथवर कागदोपत्री १८० मिलिमीटर व्यासाची वस्तू फिरू शकते. कागदोपत्री म्हणण्याचे कारण असे, की हे माप बेडच्या, म्हणजे यंत्राच्या आडव्या पायाच्या, वर मोजलेले असते. धातू कापणारे टूल ज्या आडव्या सरकत्या भागावर, म्हणजे क्रॉस स्लाइडवर, बसते, तिच्या डोक्यावरून जाऊ शकणाऱ्या वस्तूचा व्यास जेमतेम ११० मिलिमीटर भरतो, आणि ही माहिती तक्त्यात शेवटून दुसऱ्या ओळीत दिलेली असते. वजन चाळीस किलोच्या आसपास. हे वजन फार विचारपूर्वक ठरवलेले असावे, कारण ते उचलायला एकट्याला जड जाते आणि दोघांना धरायला त्यात जागा नसते. यंत्र पेटीतून बाहेर निघते ते नखशिखान्त चिकट ग्रीसमध्ये माखलेले. गंज लागू नये म्हणून फासलेले हे ग्रीस यंत्रावरून रॉकेलने निघते, पण ते नष्ट होत नाही; ते दाराच्या कडीवर, दिव्याच्या बटणावर आणि ज्यांनी यंत्राला स्पर्शही केलेला नाही अशा माणसांच्या कोपरांवर स्थलांतर करते.

ग्रीस निघाल्यावर यंत्र चालू करावे, असे नवख्याला वाटते. जुने लोक सांगतात, की हे यंत्र नसून यंत्राचे सुटे भाग तात्पुरते एकत्र बांधून पाठवलेले आहेत, असे समजून चालावे. मग गिब जुळवण्याचे प्रकरण सुरू होते. गिब म्हणजे सरकत्या भागाच्या फटीत बसणारी धातूची एक पट्टी. तिला बाजूने तीन-चार बारीक स्क्रू दाबून धरतात आणि प्रत्येक स्क्रू फिरू नये म्हणून त्यावर एक नट असतो. स्लाइड लोण्यासारखी सरकली पाहिजे, पण तसूभरही डगमगता कामा नये, एवढीच अपेक्षा. त्यासाठी एका हाताने ॲलन की धरून स्क्रू जागच्या जागी रोखायचा, दुसऱ्या हाताने पान्याने नट आवळायचा आणि तिसऱ्या हाताने हँडल फिरवून स्लाइड सरकते का ते पाहायचे, अशी ही रचना आहे. नट आवळला की स्क्रू केसभर फिरतो आणि स्लाइड जाम होते. तो सैल करावा तर शेजारचा स्क्रू आपले काम संपले असे समजतो. चारही स्क्रू एकमताने वागले असा क्षण येतो, पण तेव्हा असे ध्यानात येते, की स्लाइड मधोमध छान सरकते आणि दोन्ही टोकांना अडते, म्हणजे आता पट्टी काढून घासावी लागणार.

हे सगळे सव्यापसव्य एका गोष्टीसाठी असते, आणि ती गोष्ट म्हणजे ताठरपणा. लोखंड वाकते. एखादी पट्टी हातोड्याने वाकते त्या अर्थाने मी म्हणत नाही; ओतीव लोखंडाचा भरभक्कम बेड, वस्तू पकडणारा जाडजूड चक, त्याला फिरवणारा पोलादी स्पिंडल, सगळे वाकते. ज्याला हे पटत नाही त्याने डायल इंडिकेटरचे, म्हणजे सूक्ष्म हालचाल काट्याने दाखवणाऱ्या उपकरणाचे, टोक चकमध्ये धरलेल्या गजाला टेकवावे आणि गज अंगठ्याने दाबावा. काटा हलतो. अंगठा काढला की परत जागेवर येतो. मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवणाऱ्या त्या तबकडीसमोर लोखंड आणि रबर यांत फरक फक्त प्रमाणाचा आहे, आणि हे ज्ञान एकदा झाले की माणसाचा पूल, उंच इमारती आणि पोलादी निश्चयाचे पुढारी यांच्यावरचा विश्वास थोडा कमी होतो.

कारखान्यातल्या मोठ्या लेथला या वाकण्याची फारशी फिकीर नसते. त्याचे वजन टनांत असते. तो पोलादात कित्येक मिलिमीटरचा काप घेतो आणि वर शांत राहतो. छोट्या लेथकडे अर्ध्या मिलिमीटरची मागणी केली तरी तो आधी विचारात पडतो आणि मग किंचाळू लागतो. या किंचाळण्याला चॅटर म्हणतात. टूल वस्तूत शिरते, दाबाने मागे वाकते, सुटून पुन्हा शिरते, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा घडल्यामुळे गुळगुळीत व्हायचा पृष्ठभाग माशाच्या खवल्यांसारखा होतो. फ्रेडरिक टेलर या अमेरिकी अभियंत्याने धातू कापण्याच्या प्रयोगांवर वर्षानुवर्षे घालवली, तापले तरी धार टिकवणाऱ्या हायस्पीड स्टीलच्या टूलची देणगी दिली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी लिहून ठेवले, की यांत्रिकापुढच्या सर्व प्रश्नांत चॅटर हा सर्वांत गूढ आणि नाजूक प्रश्न आहे. टेलरसाहेबांची ही कबुली मी मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावली आहे. आवाज फारच वाढला आणि आतून “काय चाललंय काय?” अशी विचारणा झाली, की मी तिकडे बोट दाखवतो.

बेडच्या पिळाचीही अशीच कथा. टेबल सपाट नसेल तर बोल्ट आवळताना बेडला सूक्ष्म पीळ पडतो, आणि मग सरळ दंडगोल म्हणून कातलेला गज एका टोकाला जाड व दुसऱ्या टोकाला बारीक निघतो. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण ज्याने केली त्याच्यापाशी डायल इंडिकेटर नव्हता. लेथवाल्याचे अंगण खरोखरच वाकडे असते, किती वाकडे ते आकड्यात सांगता येते, आणि बोल्टाखाली शीतपेयाच्या डब्यातून कापलेली पत्र्याची पट्टी सरकवून ते सरळही करता येते. नाच त्यानंतरही जमत नाही, पण निदान अंगणाचा प्रश्न निकालात निघतो.

मापांबद्दल थोडे सांगायला हवे. क्रॉस स्लाइडच्या डायलवर टूल ०.१ मिलिमीटर आत घेतले की वस्तूचा व्यास ०.२ मिलिमीटरने कमी होतो, कारण वस्तू फिरत असल्याने धातू दोन्ही बाजूंनी जातो. काही यंत्रांचा डायल हा हिशेब आधीच करून दाखवतो, काहींचा करत नाही, आणि आपला कोणत्या पंथाचा आहे हे ऐन शेवटच्या कापाच्या वेळी आठवत नाही. त्यात बॅकलॅश असतो: हँडल उलटे फिरवले की स्क्रू आणि नट यांच्यामधली मोकळी जागा भरेपर्यंत डायल पुढे जातो आणि स्लाइड जागेवर उभी राहते. शिवाय धातू तापतो. ५० मिलिमीटर व्यासाचा ॲल्युमिनियमचा तुकडा २० अंशांनी गरम झाला की त्याचा व्यास सुमारे ०.०२३ मिलिमीटरने फुगतो. म्हणजे गरम असताना तंतोतंत भरलेली वस्तू थंड झाल्यावर लहान होते, आणि गेलेला धातू परत लावता येत नाही. मॉडस्लेच्या कार्यशाळेत इंचाचा दहा हजारावा भाग मोजणारा एक मायक्रोमीटर होता आणि मापाचा वाद त्याच्यासमोर नेला की निकाल अंतिम मानला जाई, म्हणून त्याला तेव्हाच्या इंग्लंडातल्या सर्वोच्च न्यायाधिकाऱ्याच्या पदावरून ‘लॉर्ड चॅन्सेलर’ म्हणत. आमच्या घरात मापाचा वाद घालायला कोणी तयारच होत नाही, ही माझी खरी अडचण आहे.

या सर्वांवर कडी म्हणजे पार्टिंग. कातून तयार झालेली वस्तू उरलेल्या गजापासून वेगळी करण्यासाठी एक अरुंद, पातळ पात्याचे टूल सरळ आत घुसवायचे असते. पाते अरुंद, त्यामुळे ते डुलते. खाच खोल होत जाते, त्यामुळे चिपेला, म्हणजे कातलेल्या धातूच्या सालीला, बाहेर पडायला वाट राहत नाही. पात्याची उंची केंद्ररेषेपासून थोडी जरी ढळली तरी वस्तू पात्यावर चढू पाहते. वेग कमी ठेवावा लागतो, तेल सतत सोडावे लागते, आणि हात मात्र थबकू द्यायचा नसतो, कारण थबकले की पाते कापण्याऐवजी घासू लागते आणि किंचाळते. आत जावे तर अडकण्याची भीती, थांबावे तर किंचाळण्याची. सगळे ठीक चालले असेल तर धुराची एक बारीक रेघ निघते आणि घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली चिप खाचेतून शांतपणे बाहेर येते, आणि ते दृश्य इतके सुंदर असते, की त्याकडे पाहता पाहता हात थबकतो. बरेच अनुभवी लोक पार्टिंग टूल बाजूला ठेवून हॅकसॉ काढतात. त्यांना मी भित्रे म्हणत नाही.

चिपांचा विषय घरच्यांच्या जिव्हाळ्याचा आहे. पोलादाची लांब चिप पात्यासारखी धारदार आणि तापलेली असते, ती हाताने ओढायची नसते, आकड्याने काढायची असते. पितळेच्या चिपा बारीक सुयांसारख्या उडतात. ओतीव लोखंडाची तर भुकटीच होते आणि ती बेडवर बसून घासण्याचे काम करते. चपलांच्या तळव्यात रुतून चिपा घरभर हिंडतात, आणि चुंबक फिरवून त्या गोळा करू म्हटले तर पितळ आणि ॲल्युमिनियम चुंबकाला दाद देत नाहीत. माझे हात पाहून सासूबाईंनी प्रेमाने जाड हातमोजे आणून दिले. फिरत्या लेथपाशी हातमोजे घालणे हा सर्वांत मोठा धोका, कारण मोजा चकमध्ये सापडला तर तो हाताला सोबत घेऊन जातो, हे त्यांना समजावताना असे दिसले, की मोज्यांविषयीचे त्यांचे मत बदलले नाही. माझ्याविषयीचे आणि यंत्राविषयीचे बदलले.

आता मूळ प्रश्न. काय बनवले? टेलस्टॉक, म्हणजे वस्तूचे दुसरे टोक पेलणारा भाग, झटपट आवळता यावा म्हणून त्याला एक खटका बनवला. क्रॉस स्लाइडला घेऊन बेडवर सरकणारे कॅरेज जागेवर पक्के करणारा एक लॉक बनवला. टूल बरोबर केंद्राच्या उंचीला बसवण्यासाठी एक मापाची ठोकळी बनवली, आणि टूल धरणारा टूलपोस्ट मुळात डळमळीत असल्यामुळे नवीन टूलपोस्टही बनवला. चकची किल्ली चकमध्येच राहून गेली आणि यंत्र चालू झाले, तर ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटू शकते. म्हणून किल्ली जागेवर ठेवल्याखेरीज यंत्र सुरूच होऊ नये, असा एक स्विच असलेला खाचा बनवला. पाहुणे हे सर्व आदराने बघतात आणि मग विचारतात, “छान. आणि या मशीनच्या बाहेरचं काही?”

बाहेरचे एक काम आले आहे. मावशींच्या जुन्या शिलाई यंत्रावरचा, टाक्याच्या लांबीचा दांडा पक्का करणारा, अंगठ्याने फिरवायचा छोटा स्क्रू हरवला. काम किरकोळ होते आणि मूळ आश्वासनात बसणारे होते. मात्र अशा जुन्या यंत्रांचे आटे इंचाच्या मापाचे, आणि तेही नेहमीच्या तक्त्यात न सापडणारे असतात. आटे पाडताना टूल पुढे सरकवणारा माझ्या लेथचा लीड स्क्रू मिलिमीटरचा. इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर, हे १९५९ पासून पक्के ठरलेले आहे, आणि २५.४ म्हणजे १२७ भागिले ५. त्यामुळे मिलिमीटरच्या लेथवर इंचाचा आटा बिनचूक पाडायचा तर स्पिंडल आणि लीड स्क्रू यांच्यामध्ये १२७ दातांचे गियर लागते. हा आकडा लहान करावा म्हटले तर होत नाही, कारण १२७ ही मूळ संख्या आहे. तिला एक आणि ती स्वतः सोडून कोणी भागत नाही. जवळपासचे उत्तर हवे असेल तर ६३ दातांचे गियर चालते. त्यात चूक येते ती आठ हजारांत एक भाग, म्हणजे १० मिलिमीटर लांबीच्या आट्यात जेमतेम सव्वा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). शिलाई यंत्राला सव्वा मायक्रॉनचे सुखदुःख नसते, असे व्यवहारी माणूस म्हणेल. पण ज्याने अंगठ्याने लोखंड वाकताना पाहिले आहे, त्याला डोळ्यांदेखत चुकीचे गियर चढवणे कसे जमावे?

तेव्हा १२७ दातांचे गियर बनवायला घेतले. माझ्या यंत्राची गियरे १ मॉड्यूलची आहेत (मॉड्यूल हे दातांच्या आकाराचे माप), म्हणजे या गियरचा बाहेरचा व्यास १२९ मिलिमीटर भरतो. क्रॉस स्लाइडच्या डोक्यावरून ११० जाते. वस्तू अलीकडे धरून टूल बरेच बाहेर काढले तर ते पोचते, पण इतके बाहेर काढलेले टूल वाकते, आणि टेलरसाहेबांचा तो गूढ व नाजूक प्रश्न घरभर ऐकू येऊ लागतो. दात समान अंतरावर पाडण्यासाठी साधी विभाजन-तबकडी वापरायची तर तिच्यावर १२७ किंवा त्याच्या पटीत छिद्रे हवीत. ती छिद्रे पाडायला आधी १२७ समान भाग करता आले पाहिजेत. सध्या काम या टप्प्यावर आहे.

प्रगतीची माहिती द्यावी म्हणून परवा मावशींकडे गेलो. त्यांनी तो दांडा रबर बँडने बांधून टाकला होता आणि यंत्र धडधडत चालू होते. रबर ताणले जाते, त्यामुळे टाक्याची लांबी एकसारखी राहणे शक्य नाही, हे मी त्यांना समजावून सांगितले, खिशातून व्हर्नियर काढला आणि नुकत्याच शिवलेल्या उशीच्या अभ्र्यावरचे टाके मोजून त्यांतला फरक आकड्यांत दाखवला. मावशींनी चष्मा नाकावर सरकवला आणि म्हणाल्या, “मोजून झालं असेल तर तो अभ्रा इकडे दे बाळा, दुसरी बाजू शिवायची राहिलीय.”