टनांचा रकाना कुठाय?

वाद पेटला मुंबई महापालिकेच्या २०२४-२५ च्या हवामान अंदाजपत्रकावरून. भांडवली खर्चाच्या ३१,७७४ कोटींपैकी १०,२२४ कोटी हवामानबदलाच्या कामांसाठी, जवळजवळ एक तृतीयांश. नंदू खूश.

"आणि तू नाक मुरडतोस?"

"मी टन विचारतोय," सुहास म्हणाला. "हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचे. २०१९ ला शहराचं उत्सर्जन २.३४ कोटी टन. २०३० पर्यंत ३० टक्के उतरवायचंय. पर्जन्यवाहिनी रुंद केली तर हिंदमाताला पाणी कमी तुंबेल, छानच. पण त्यानं टन किती घटले? शून्य."

"मग पुराचे पैसे हवामानाचे नाहीत?"

"आहेत रे, पण ती झळ सोसायची सोय. धूर कमी करायचा खर्च वेगळा मांड ना!"

मेधानं मँचेस्टर काढलं. तिथे हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या टिंडल केंद्राच्या शास्त्रज्ञांनी आधी थैलीच ठरवली, म्हणजे एकूण किती धूर सोडायचा ते: २०१८ ते २१०० मिळून शहराला दीड कोटी टन. त्यातले ६९ लाख पहिल्या पाच वर्षांचे. मग तिनं चहाच्या बिलाच्या पाठीवर सोपं उदाहरण मांडलं. थैलीत ५० टन आहेत, वर्षाला १० जळतात. यंदा १० आणि पुढे दरवर्षी २० टक्के कपात, तर ५० कायमचे पुरतात. दोन वर्षं नुसती ढकलली, तर उरतात ३०, आणि कपात लागते ३३ टक्के. 'अमुक साली शून्य' म्हटलं की हे झाकलं जातं.

"पण मुंबईचं सत्तर टक्क्यांहून जास्त उत्सर्जन ऊर्जेचं, त्यात मुख्यतः विजेचं," नंदू. "पालिका काय डहाणूचं कोळशाचं वीजकेंद्र बंद पाडणार?"

मुद्दा खरा आहे. म्हणून नॉर्वेच्या राजधानीचा, ओस्लोचा, उत्सर्जनाचा तक्ता बघावा. २०१७ च्या अंदाजपत्रकापासून तो पैशांच्या हिशेबाबरोबरच मांडतात, आणि सांभाळतं अर्थखातं. प्रत्येक ओळीत उपाय, टन, जबाबदार खातं. शहराच्या हातातली मोठी चावी म्हणजे निविदा. तिथे निविदेतच अट असते: पालिकेच्या बांधकामांवर डिझेलचे जेसीबी चालत नाहीत, विजेवरचे लागतात. त्यासाठी जागेवर मोठी वीजजोडणी आधीच मागावी लागते, नाहीतर यंत्रं नुसती उभी.

"आणि तरी अडकलेच की!" नंदूनं ओस्लोचं क्लेमेत्सरूद काढलं. कचरा जाळणारं ते केंद्र शहरातलं मोठं धुराडं. तिथे कार्बन पकडायचं काम खर्च फुगल्यामुळे २०२३ ला थांबलं, २०२५ ला पुन्हा सुरू झालं. २००९ च्या तुलनेत २०३० पर्यंत ९५ टक्के कपातीचं गणित त्यावर टांगलेलं.

"अडकले. पण कुठल्या ओळीत, ते बोट ठेवून दाखवता येतं," सुहास म्हणाला.

"बरं, आपण कुठून सुरू करायचं?"

"देवनारचा कचरा, बेस्टच्या बस, पालिकेचे पंप. पंपांचं तर सोपं आहे, युनिट वीजबिलात छापलेले असतात. ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो धर. लाख युनिटला सत्तर टन."

नंदूनं चहाचं बिल उलटं केलं. "पंपांचे महिन्याचे युनिट किती?"

"जल खात्याला विचार. आणि चहाचे पैसे त्याच बिलावर आहेत, फाडू नकोस."