वारा अडवायला लाकडाचा क्लोन कशाला?

केळी उत्पादकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: 'बांधावर क्लोनल निलगिरीची दाट ओळ लावा. झपाट्याने वाढते, भिंतीसारखा वारा अडवते, पुढे लाकडाचेही पैसे होतात.' (क्लोनल म्हणजे एकाच निवडक झाडाच्या फांद्यांपासून केलेली, हुबेहूब त्याच्यासारखीच रोपं.) रावेर-यावलकडे मे-जूनच्या वादळात घड लागलेली बाग आडवी होते, म्हणून याला उत्तर द्यायलाच हवं.

आधी भिंतीचं. भिंतीवर आदळलेला वारा वरून उसळतो आणि पलीकडे भोवरे घेत बागेतच कोसळतो. निम्म्याच्या आसपास मोकळी असलेली ओळ मात्र वारा गाळून घेते. झाडाच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत तिचा चांगला आधार मिळतो, पुढे तो कमी होत वीसपटीपर्यंत जातो.

लवकर वाढ हवीच, ते मान्य. पण हे क्लोन लाकूड आणि कागदाच्या लगद्यासाठी निवडलेत: सोट खोड, बारीक फांद्या, खालच्या आपोआप झडणाऱ्या. चार वर्षांच्या ओळीजवळ उभं राहून बघा. डोक्याच्या वरपर्यंत नुसती खोडं, आणि मधल्या फटींतून वारा उलट वेग घेऊन घुसतो, नेमका पानांच्या आणि घडाच्या उंचीवर. वारारोधकाला बुडापासून फांद्या धरून ठेवणारं झाड लागतं. कोइम्बतूरच्या वन आनुवंशिकी व वृक्ष प्रजनन संस्थेने सुरूच्या झाडाचे (कॅज्युरिना) क्लोन खास वारारोधकासाठी वेगळे निवडले, ते यासाठीच. सुरूच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्रही बांधतात.

सगळी ओळ एकाच क्लोनची असणं हा तर मोठाच धोका. सुबाभूळ आठवा. मोजक्याच वाणांतून ती देशभर पसरली, आणि 1988 मध्ये रस शोषणारी सायला कीड आली तेव्हा कोवळे शेंडे सगळीकडे एकदमच करपले. निलगिरीवरही पुढे गाठी करणारी गांधीलमाशी आलीच. दोन-तीन जाती मिसळा: सुरू, गिरिपुष्प, बांबू, पहिल्या हंगामापुरती शेवरी. बी घरचं धरणार असाल तर वादळानंतर शिवारात फिरा. जी झाडं मोडली नाहीत, बुडापर्यंत हिरवी आहेत, त्यांना खूण करा आणि एकमेकांपासून लांबच्या अनेक झाडांचं बी गोळा करा. एकाच झाडाचं बी म्हणजे सगळी भावंडंच.

राहिले लाकडाचे पैसे. ओळ तोडली की त्या वर्षी बाग उघडी, आणि मध्येच खिंडार पाडलं तर वारा तिथूनच जोरात शिरतो. लाकूड हवंच असेल तर नागमोडी दोन ओळी लावा, म्हणजे एकीतल्या फटीसमोर दुसरीचं झाड येईल अशा; बाहेरची तोडा, तिचे फुटवे वर येईपर्यंत आतल्या ओळीला हात लावू नका.